पोस्टासमोरचं दुकान

मोक्याची जागा मला बरोबर हेरता येते, हा माझा जुना तोरा. सत्तरच्या दशकात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरलं तेव्हा मित्र म्हणाले, बाजारात बघ. मी पोस्टासमोर बघितलं. त्या काळी रेडिओ ठेवायला लायसन लागे, आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून ते नवं करून घ्यावं लागे. म्हणजे प्रत्येक रेडिओवाला वर्षातून एकदा माझ्या दारावरून जाणार! ही अक्कल सोलापुरात आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटे.

सात रस्ता चौकाजवळ, पोस्टाच्या अगदी समोर गाळा घेतला, बोर्ड रंगवला. मामा श्रीपूरच्या साखर कारखान्यात होते. तिथं इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी त्यांनी माझ्याकरता शब्द टाकून ठेवला होता. "दिवाळीपत्तूर बघ. न्हाय चाललं तर गुमान तिकडं यायचं," असं बजावून ते गेले. मला ती नोकरी अजिबात नको होती. दुसऱ्याच्या भोंग्यावर उठबस करणं माझ्या रक्तातच नाही.

लोक आले, भरपूर आले. पोस्टात गेले आणि घरी गेले. नागपंचमी झाली, गणपती झाले, मी आपला माशा मारतोय. एक गिऱ्हाईक तर ट्रान्झिस्टर पिशवीतून काढता काढता थांबलं आणि समोर पोस्टाकडे बघून "नंतर येतो" म्हणत सटकलं.

घरी येऊन मी त्याच्या नावानं भरपूर तोंडसुख घेतलं. बायको भाकऱ्या थापत होती.

"आपल्या रेडिओचं लायसन कुठाय हो?" तिनं विचारलं.

घरचा रेडिओ मीच जोडलेला. त्याला कसलं आलंय लायसन?

"मग तो घेऊन तुम्ही पोस्टासमोर गेला असता का?"

तिच्यापेक्षा मला माझाच राग आला. निम्म्या गावाचे रेडिओ बिनलायसनचे, आणि मी दुकान थाटलं होतं सरकारच्या दारात!

गाळा सोडला. या खेपेला जागा तिनं दाखवली. तिच्या माहेराजवळ, पूर्व भागात, विणकरांच्या बोळात. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यावर ऐकू यावं म्हणून घरोघरी रेडिओ ठणाणा लावलेले, त्यामुळे स्पीकर सारखे फाटायचे. खरखर तपासायला मला सेटला कान चिकटवावा लागे, तेवढं सोडलं तर जागा झकास होती.

दिवाळीच्या तोंडावर मामा मला न्यायला आले. टेबलावर, फळीवर, जमिनीवर रेडिओच रेडिओ, बसायला जागा नाही. त्यांनी काखेतलं टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं हळूच पुढं केलं.

"लई खरखरतोय."

"लायसन आहे का मामा?" मी मुद्दाम विचारलं.

"तू मेकॅनिक हायस का पोष्टमन?" ते उखडले. मग फळीवरच्या सेटांकडे बघत राहिले. "कारखान्यात काय सांगू मग?"

"सांगा, भाच्याला सवड नाही," मी म्हणालो आणि त्यांच्या रेडिओचे स्क्रू काढायला घेतले.