डोंगरमाथ्यावरची गर्जना

गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींना एक खोड आहे. उंचावर पोचलं की ओरडायचं. सह्याद्रीतले गड लांब राहिले, म्हणून दिसेल त्या टेकडीवर झेंडा रोवायचा, 'हर हर महादेव'ची गर्जना करायची आणि व्हिडिओ काढायचा. अरवलीच्या टेकाडांवर हे चालायचं, तोवर मी हसण्यावारी नेत होते. आता त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

माझे वडील फौजेत होते. तरुणपणी हिमालयात पोस्टिंग असताना त्यांनी मोनाल पाहिला होता. कोंबड्याएवढा पक्षी, पण डोकं हिरवं, मान तांब्यासारखी, आणि ऊन पडलं की पाठीवर निळं-जांभळं काहीतरी हलतं, असं ते कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या अंगणात आम्हा मुलांना सांगायचे. आता त्यांचा एक डोळा पूर्ण गेलाय. दुसराही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरी येताना कॅबमध्ये ते एवढंच म्हणाले, की त्याआधी तो पक्षी एकदा बघायला हवा.

म्हणून सोसायटीची सहल हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानात निघाली, तेव्हा मी आम्हा दोघांची नावं दिली. बसमध्ये सगळ्यांना वडिलांच्या डोळ्याबद्दल सांगितलं. वर गेल्यावर गप्प राहा म्हणून अक्षरशः हात जोडले. सहलीचा पुढारी, दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातला बडा अधिकारी, म्हणाला, बिल्कुल ताई, काळजीच नको.

बुरांशच्या झाडांवरच्या लाल फुलांखालून आम्ही दोघं पहाटेच पुढे निघालो. वडील काठी टेकत चढत होते, मध्येच थांबून कान देत होते. माथ्याखालच्या गवतात जरा टेकलो, तोच खालून शीळ आली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तोच," ते पुटपुटले. उतारावर काहीतरी गडद, जाडजूड, चोचीनं माती उकरत होतं. ते अजून सावलीत होतं, पण ऊन हातभरावर आलं होतं. आम्ही श्वास रोखून बसलो.

तेवढ्यात बाकीची मंडळी दुसऱ्या वाटेनं माथ्यावर पोचली. झेंडा निघाला. पुढाऱ्यानं वरूनच हाक दिली, "चलो काका, तुम्ही फौजी, सुरुवात तुम्हीच करा यार." उत्तराची वाटही न बघता सगळे एकदम ओरडले. पक्षी उडाला आणि थेट दरीत गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर जाऊन त्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तो म्हणे, ताई, एवढं काय त्यात, आपली परंपरा आहे. कोणी म्हणालं, पक्षी काय, येईल परत. वडील मागून काठी टेकत आले. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"ही गर्जना आम्ही शत्रूवर धावून जाताना करायचो," ते म्हणाले. "इथं शत्रू कोण होता?"

 थोड्याच वेळात ग्रुप फोटोसाठी रांग लागली, आणि काकांनी मधोमध उभं राहावं असा आग्रहही झाला. निर्लज्ज मेले. मी वडिलांचा हात धरला आणि उतरायला लागले.

वाटेत त्यांनी विचारलं, "तू तरी नीट पाहिलास ना? मान कशी होती?"

मला फक्त उडताना पाठीवरचा पांढरा पट्टा दिसला, असं मी सांगितलं.

ते थांबले. "म्हणजे पांढरं खरंच होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तेवढ्यात डोळाच गेला."