खालच्या डिव्हिजनचं स्थळ

किस्से शोधावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या शनिवारी संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसावं. नुसतं बसावं. किस्से आपोआप अंगावर येतात.

माझं नांदेडला चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत मी लोकांचे डोळे तपासतो. त्या खोलीत मोठा टीव्ही लावला आणि तिच्यावरचा माझा हक्क संपला. दर शनिवारी चार जण तिथं विलायती फुटबॉल बघायला येतात. बघतात कमी. टीव्हीवर मॅच चालू असते आणि इकडं वाद पेटलेला असतो की सगळ्यात मोठा क्लब कुणाचा. यातल्या एकानंही आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नाही.

क्लबांची नावं मी सांगणार नाही, रंग सांगतो. नाव घेतलं की दगड येतो, आणि माझं दुकान सगळं काचेचं आहे. तर वकीलसाहेब लाल क्लबचे. शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला सलीमभाई पांढऱ्याचा. लातूरचे सर निळ्याचे. ते तिकडं कोचिंग क्लास चालवतात आणि शनिवार-रविवारी नांदेडला बॅच घ्यायला येतात. चौथा बालाजी, अर्धापूरचा केळीवाला. बाग अशी की माल थेट परदेशात जातो. घर पक्कं, दारात चारचाकी. आणि लग्न जमून राहिलं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला या चौघांत काळजी फक्त त्याचीच आहे. तो पोरगी बघायला जातो, चहा-पोहे होतात, मग मुलीचा बाप विचारतो, नोकरी कुठं? शेती म्हटलं की विषय संपला. एक बाप तर स्वतः शेतकरी. तो म्हणाला, शिपाई असता तरी दिली असती. बालाजी हे हसून सांगतो. पण त्या शनिवारी तो शेंगदाण्याला हात लावत नाही.

*

वकीलसाहेबांच्या लाल क्लबला मोठा कप मिळून जमाना झाला. पण इतिहास निघाला की साहेब खुर्चीत ताठ होतात. त्यांचं म्हणणं, क्लब मोठा म्हणजे खानदान मोठं. आजचा निकाल काय बघता, एके काळी हे मैदानात उतरले की समोरचे चळचळ कापायचे. मग ते हळूच स्वतःच्या आजोबांवर येतात. आजोबांना निजामाच्या दरबारात खुर्ची होती, दारात हत्ती होता, वगैरे.

सलीमभाईचा हिशोब सरळ आहे. कप किती, ते बोला. बाकी सगळं बोलबच्चन. एका शनिवारी हत्ती दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, हत्ती होता, मान्य. पण कोर्टात तर तुम्ही शेअर ऑटोनंच जाऊन राहिले ना?"

वकीलसाहेब उठून गेले. पुढचा शनिवारही चुकवला. त्याच्या पुढच्या शनिवारी आले ते सेकंडहँड स्कूटी घेऊन, आणि ती त्यांनी मुद्दाम सलीमभाईच्या दुकानासमोर आडवी लावली.

*

लातूरचे सर भांडत नाहीत. सर मार्क देतात.

त्यांनी एकदा फळ्यावर मांडून दाखवलं, म्हणजे माझ्या डोळे तपासायच्या तक्त्याच्या पाठीवर. इतिहासाला इतके मार्क, कपांना इतके, मैदानाला इतके, पैशाला इतके. टोटल केली तर निळा क्लब पहिला. निळ्याचा इतिहास म्हणजे कालपरवाचा. कुण्या धनाढ्यानं विकत घेतला तेव्हापासूनचा. म्हणून इतिहासाला मार्क सगळ्यात कमी. पुढच्या वर्षी निळा क्लब आपटला. सरांनी नवीन टोटल आणली, त्यात कपांचे मार्क निम्मे करून 'भविष्य' नावाचा नवा विषय घातला होता. पहिला कोण? निळाच.

वकीलसाहेब म्हणाले, ही बेइमानी आहे. सर म्हणाले, सिलॅबस बदलत असतो. तेव्हा बालाजीनं भोळेपणानं विचारलं की सर, तुमच्या क्लासमधलं पोरगं मार्कात कमी पडलं की तुम्ही असाच सिलॅबस बदलता का?

"छे, छे," सर म्हणाले, "तिथं आपण पोरगं बदलतो."

आणि खरंच सांगतो, ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या बोर्डावर ज्या टॉपर पोरीचा फोटो आहे, तीच पोरगी समोरच्या क्लासच्या बोर्डावर त्याच ड्रेसमध्ये हसून राहिली आहे.

*

मग निघाला फॅनचा मुद्दा. ज्याचे फॅन जास्त, तो क्लब मोठा. ठरलं की मोजायचे. रविवारी संध्याकाळी चौघं बाजारातल्या चौकात उभे राहिले, ज्याच्या अंगात ज्या रंगाची जर्सी तो त्या क्लबचा. मीही गेलो, कारण अशी मजा फुकट मिळत नाही.

लाल पुढं चालला होता. सलीमभाईला संशय आला. त्यानं लाल जर्सीतल्या एका हमालाला थांबवून विचारलं, भाऊ, हा क्लब कोणता? हमालानं छातीवर बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि म्हणाला की सेठनं दिवाळीला दिली, अर्धी बाही आहे, पोतं उचलायला बरी पडते. सलीमभाई म्हणाला, हा कटाप. वकीलसाहेब मध्ये पडले. चौकात गर्दी जमली तरी मागं हटेनात.

"फॅनला आपण फॅन आहोत हे ठाऊक असलंच पाहिजे," त्यांनी विचारलं, "असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

तो हमाल आजही लाल क्लबच्या खात्यावर आहे. बिचाऱ्याला पत्ता नाही.

*

आमची ही एरवी या खोलीत पाय ठेवत नाही. एकदा चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारात थबकली. सर आणि सलीमभाई एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. मुद्दा काय, तर कुणाच्या मैदानात जास्त माणसं बसतात. तिनं ट्रे ठेवला आणि शांतपणे विचारलं की या मैदानांत तुमच्यापैकी कोण कोण जाऊन आलं?

कुणीच नाही. सलीमभाई हैदराबादच्या पलीकडं गेलेला नाही. वकीलसाहेब पुण्याला एकदा लग्नाला गेले होते, तिथं पोट बिघडून परत आले.

"बरं," ती म्हणाली, "मग त्यांच्यातलं कुणी तुम्हाला ओळखतं का?"

सगळ्यांनी ट्रेमधले कप उचलले. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, देव तरी कुठं ओळखतो."

*

आता बालाजी. तो या भांडणात कधीच नसायचा, कारण त्याचा क्लब कुठल्याच यादीत नसायचा. त्याचं असं झालं की नववीत असताना त्यानं इथल्या बाजारातून एक पिवळी जर्सी घेतली. दुकानदार म्हणाला, ब्राझीलची आहे. याला खरं वाटलं. दोन वर्षं तो अर्धापुरात ब्राझील म्हणून फिरला. पुढं कॉलेजात कुणीतरी चिन्ह बघून सांगितलं की अरे येड्या, हा इंग्लंडमधल्या कुठल्या तरी बारक्या गावाचा क्लब आहे. दुसऱ्यानं ती जर्सी पायपुसण्याला टाकली असती. हा पठ्ठ्या म्हणाला, आता अंगाला बसली. तेव्हापासून तो पिवळ्याचा.

गेल्या सीझनला पिवळा क्लब तळाला गेला. त्या मोठ्या लीगमधून शेवटच्या तिघांना दरवर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात. त्यात हा गेला. शेवटची मॅच बालाजीनं शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बघितली. बाकीचे तिघं मात्र त्याला समजावायला सरसावले. एरवी यांचं एकमत होत नाही, त्या दिवशी झालं. वकीलसाहेब म्हणाले, उतरलेल्या घराण्याशी कोण सोयरीक करतं? सलीमभाईनं त्याला पांढऱ्यात यायचं आवतण दिलं, पहिल्याच वर्षी कप दाखवतो म्हणाला. सर म्हणाले, भावनेत जाऊ नको, स्टेबल काहीतरी बघ, ज्याला पुढं स्कोप आहे.

बालाजीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"तुम्ही तिघं बी," तो म्हणाला, "मुलींच्या बापावानी बोलून राहिले."

कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

सरांना एक धाकटी बहीण आहे, अश्विनी. लातूरला एका डाळमिलच्या हापिसात हिशोब बघते. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे हे सरच सांगायचे. आणि बालाजी म्हणजे सोनं आहे सोनं, हेही सरच सांगायचे. मला वाटलं, दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात तर जोडायला काय हरकत आहे. बालाजी भजी आणायला गेला होता तेवढ्यात मी विषय काढला.

सरांनी घसा साफ केला. बालाजी लाखात एक, यात वाद नाही. पण आप्पांच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. पोरीचंही शिक्षण झालंय. "काय आहे, आमचं जरा वरच्या लेव्हलला चालू आहे."

बालाजी दारात उभा होता, हातात पुडी. त्यानं ती टेबलावर ठेवून उघडली. गरम हायत, घ्या, म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मला सरांचा असा संताप आला की त्या दिवशी मी भज्यांना हात लावला नाही. सरांनी खाल्ली. चटणी मागून घेऊन खाल्ली.

सरांच्या वडिलांचा, आप्पांचा, चष्मा माझ्याकडचाच. सोमवारी मी दुकान उघडल्या उघडल्या त्यांना फोन लावला आणि सरळ स्थळ सांगितलं. लेव्हलबिव्हल त्यांच्या गावीही नव्हती. म्हणाले, बघायला काय जातं, घेऊन या पोराला.

*

त्या रविवारी मी आणि बालाजी लातूरला गेलो. त्याच्या आईवडिलांनी यायचं नाकारलं. किती वेळा तोंड घेऊन परत यायचं, आई म्हणाली.  वाटेत बालाजी म्हणाला की हे बी नाही जमलं तर आता पुन्हा कुणाचे पोहे खायचे नाहीत. मी म्हटलं, गप गाडी चालव.

आप्पांनी विचारायचं ते सगळं रीतसर विचारलं. जमीन किती, पाणी कसं, भाऊ किती, आईची तब्येत. उत्तरं चोख होती आणि आप्पांची मान हलत होती. सर नांदेडची बॅच बुडवून घरी थांबले होते आणि कोपऱ्यात मोबाईलमध्ये तोंड घालून बसले होते. मान जास्तच हलायला लागली तसं त्यांनी तोंड वर काढलं आणि म्हणाले की उत्पन्नाचं ठीक आहे आप्पा, पण यात फिक्स असं काही नसतं. आज भाव आहे, उद्या नाही. बालाजीनं मान खाली घातली. हे वाक्य तो आता पाठ म्हणू शकला असता.

आप्पांनी अश्विनीकडं बघितलं. तुला काही विचारायचं असंल तर विचार बाई. आमच्याकडं अशा वेळी मुलगी नाही म्हणते आणि आत जाते.

"विचारते," अश्विनी म्हणाली. "तुम्ही दर शनिवारी मॅच बघायला जाता म्हणं. लग्न झाल्यावर बी जाणार?"

मी टेबलाखालून बालाजीचा पाय दाबला. थोडी तरी अक्कल असलेला माणूस इथं नाही म्हणतो. निदान बघू म्हणतो.

"हाव," बालाजी म्हणाला. "जाणार."

मी मनातल्या मनात चपला घातल्या.

"मग मला बी नेत जा."

सरांचा मोबाईल मांडीवर पडला. आप्पांनी विचारलं, तुला त्यातलं कळतं का गं? अश्विनीनं हिशोब वाचून दाखवावा तसं सांगितलं. दादा शनिवारी नांदेडला जातो तेवढाच घरातला टीव्ही मोकळा असतो. एरवी ती समोर बसली की दादा रिमोट काढून घेतो आणि म्हणतो, पोरींना ऑफसाईड कळत नाही. ती कॉलेजात असल्यापासून शनिवारी एकटीच बघते.

सर म्हणाले, तसं नाही आप्पा. आप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. फुटबॉल चौकोनी असतो की गोल, हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण स्थळ म्हटल्यावर चौकशी पूर्ण केली पाहिजे, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

"बरं, मग तू कोणत्या क्लबची?"

"निळ्याची," सरांनीच उत्तर दिलं. "आपल्या घरात एकच क्लब आहे."

अश्विनीनं बालाजीसमोरची पोह्यांची रिकामी बशी उचलली. आतून भरून आणायला निघाली, आणि दारातून मागं न बघता म्हणाली,

"ज्याच्यात दादा न्हाई, त्याची."