सालिमच्या डॅशबोर्डवरचा सोळाचा आकडा

"चारही टायर उघडा. आत सेन्सर सापडले तर राऊळचं काम आज खलास," थॉमससाहेब म्हणाले. तेही गिऱ्हाइकासमोर.

थॉमससाहेब आमचे मॅनेजर. राऊळ आमचा सगळ्यात जुना टायर फिटर, सावंतवाडीकडचा. आणि मी ओमानमधल्या माबेला गावी त्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. गिऱ्हाईक आणि पाना यांच्या मधे उभी राहून दोघांचंही ऐकून घेणारी बाई.

इथे हिवाळ्यात बर्फ पडत नाही, पण चाकं मात्र बदलतात. ऊन उतरलं की लोक वाळवंटात तंबू ठोकायला निघतात. हौशी लोक गाडीची नेहमीची चाकं काढून रुंद, वाळूत न रुतणारी चाकं चढवतात. मार्चमध्ये पुन्हा जुनी.

गंमत अशी की हल्लीच्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात एक छोटा सेन्सर असतो. तो आतली हवा मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो आणि गाडी फक्त ओळखीच्या चार नंबरांचंच ऐकते. नव्या चाकांत सेन्सर नसेल तर गाडी घाबरते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते.

ते गिऱ्हाईक म्हणजे सालिम, सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. महिन्यापूर्वी त्याने वाळूची चाकं चढवून घेतली, तेव्हाच मी सांगितलं होतं की सेन्सर जुन्या चाकांत राहणार, तेव्हा दिवा मार्चपर्यंत जळत राहील. तो "माफी मुश्किल", म्हणजे काही हरकत नाही, म्हणाला आणि जुनी चाकं वडिलांच्या बरक्याच्या शेतावर ठेवायला घेऊन गेला.

आता तो तक्रार घेऊन आला होता. "शुक्रवारी बरक्याला गेलो की दिवा विझतो. स्क्रीनवर चारही टायरची हवा सोळा दिसते. माबेल्याला परतलो की दिवा परत चालू. तुमच्या माणसाने आत कुठले तरी भंगार सेन्सर बसवलेत."

मी गेज लावून पाहिलं. चारही टायरमध्ये बत्तीस.

राऊळ टायर उघडत माझ्याशी हळू बोलला, "मॅडम, मी नको थंय सेन्सर कित्याक घालतलंय? माका येडो कुत्रो चावलो हा?"

टायर उघडले. आत सेन्सर नव्हते, साधे वॉल्व्ह होते. राऊळने एकेक रिम उचलून थॉमससाहेबांना दाखवली, चारही, अगदी सावकाश. चौथीच्या वेळी साहेब मोबाइलमध्ये बघायला लागले.

"मग आकडे कोण पाठवतं? जिन?" सालिमने विचारलं.

"शुक्रवारी बरक्याला नक्की काय करता?" मी विचारलं.

"मशिदीत जातो. वडील त्यांच्या गाडीत पुढे, मी मागे."

"त्यांची गाडी कुठली?"

"हेच मॉडेल. दोन वर्षं जुनं."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. ठेवून दिलेल्या चाकातला सेन्सर झोपलेला असतो. चाक फिरलं तरच तो जागा होतो. म्हणजे सालिमची जुनी चाकं कुठेतरी फिरत होती. आणि हवा सोळा? डांबरी रस्त्यावर सोळा कोणी ठेवत नाही. सोळा वाळूत ठेवतात, टायर पसरावा म्हणून.

"बरक्याला जाऊन जुनी चाकं तपासते," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर पोचले. सालिमचे वडील खजुराखाली काठी टेकून बसले होते. पांढरी दाढी, सत्तरी पार. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. कहवा आला, खजूर आले. चाकं स्टोअरमध्ये आहेत म्हणाले. ताडपत्रीखाली चार चाकं होतीही. रिम तशाच, पण टायर पार गुळगुळीत. आमच्या हातात धरायच्या मशिनने त्यातले नंबर वाचले. सालिमचे नव्हते.

मग मी सहज म्हणून त्यांच्या गाडीपाशी गेले. पहिल्याच चाकाजवळ मशिन पीप वाजलं. सालिमचा नंबर. चारही चाकांवर तेच. खिडकीतून आत डोकावले. डॅशबोर्डवर पिवळ्या दिव्याच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता.

"तो दिवा डोळ्यांना त्रास देतो," मागून आवाज आला.

"बाबा, वाळूत कधीपासून जाताय?"

म्हातारा हसला. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मुलाने वाळू बंद केली आणि खबरदारी म्हणून यांच्या गाडीला नवे टायर घेऊ दिले नाहीत. गुळगुळीत टायरवर टेकडी चढत नाही. तेवढ्यात मुलाचीच बऱ्यापैकी टायरवाली चाकं घरपोच आली. शेतावरच्या माणसाकडून एका दुपारी अदलाबदल करून घेतली.

"रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर नखलच्या बाजूला जातो. एक टेकडी चढतो, वर बसतो, परत येतो. चाळीस वर्षं गेलोय. मुली, सालिमला सांगू नकोस."

"एकटे जाता?"

"शेतावरचा माणूस असतो. तो भितो, पण येतो."

"आणि परत येताना हवा भरत नाही. सोळा हवेवर रस्त्यावर टायर तापून फुटतो. ऑपरेशन डॉक्टरने केलं, ते फुकट घालवाल."

मी मागच्या सीटवरचा कॉम्प्रेसर काढला, त्यांच्यासमोर चारही टायर बत्तीसवर आणले आणि वाळूतून बाहेर आल्या आल्या हे असंच करायचं, असं तीनदा वदवून घेतलं. चाकं मात्र मी बदलली नाहीत. गुळगुळीत टायर परत चढवणं मला पटेना.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'जवळच्या त्याच मॉडेलच्या गाडीतून सिग्नल येतो. नवीन सेन्सर बसवावेत.' एकही शब्द खोटा नव्हता. थॉमससाहेबांना चार सेन्सर विकल्याचा आनंद झाला. राऊळने ते बसवले, मी गाडीला नवे नंबर शिकवले, जुने पुसले. दिवा विझला. सालिम 'शुक्रन' म्हणत आभार मानून गेला. मी स्वतःवर बेहद्द खूश.

तीन आठवड्यांनी तो परत आला. एकटाच. काउंटरवर वाकून म्हणाला, "मॅडम, या गाडीत दोन सेट लक्षात ठेवायची सोय आहे ना? मग जुन्या चाकांचे नंबर परत टाका."

"ती चाकं तर स्टोअरमध्ये आहेत," मी म्हणाले.

"मी लहानपणापासून वाळूत गाडी चालवतो. सोळा म्हणजे काय ते मला कळतं. पहिल्या दिवशी रागात सुचलं नाही, घरी गेल्यावर सुचलं."

"मग वडिलांना विचारलं का नाहीत?"

"विचारलं तर ते कबूल करतील. कबूल केलं तर मला थांबवावं लागेल. शुक्रवारी मशिदीला जाताना मला फक्त आकडा बघायचाय. बत्तीस असेल तर मी गप्प. त्यांना सांगू नका."

मी जुने नंबर परत टाकले. आता तो शुक्रवारी वडिलांच्या मागून जाताना एक बटन दाबून जुन्या चाकांचा सेट बघतो. आजवर बत्तीसच दिसलंय, असं तो सांगतो. म्हातारा अधूनमधून फोन करून मुलाला काही कळलं नाही ना, अशी चौकशी करतो. सालिमही वडिलांबद्दल तेच विचारतो. मी दोघांनाही नाही म्हणते.

वीस वर्षांत मी शेकडो दिवे विझवले. एक शिकले. गिऱ्हाइकाने दिवा विझवायला सांगितला की आधी घरात किती गाड्या आहेत ते विचारायचं.