रोह्याचे बेल्टवाले काका

"हात काढ!" असं काका ओरडायचे, पण शब्द पोचायच्या आत त्यांचाच हात पोचलेला असायचा. रेकॉर्डच्या रेघांवर कुणी अंगठा ठेवला की कानफटात. सुई उडू नये म्हणून तिच्या दांड्यावर चार आण्याचं नाणं ठेवणाऱ्या एका मास्तरांचं मनगट त्यांनी असं पिळलं, की मास्तर पंधरा दिवस डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होते. तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल, ज्याच्याकडे लोक मार खायच्या तयारीनेच जातात. रोह्याच्या बाजारात तो मान काकांचा.

काका रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे, जुने विकायचेही. त्याच गाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. मी पेणकडचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला पहिला बी.एस्सी., रोह्याला कंपनीत शिफ्टवर. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. नव्वदनंतर सगळे कॅसेटवर गेले होते, पण आमच्या शेजारचं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं ज्यू कुटुंब कायमचं इस्रायलला निघालं, तेव्हा त्यांच्या आजींनी रेकॉर्डची पेटी माझ्या हवाली केली. मशीन मात्र नव्हतं, म्हणून मी काकांच्या गाळ्यात गेलो.

"बेल्टवालं घे," काका म्हणाले. "मोटार एका बाजूला, तबकडी एका बाजूला, मधी रबराचा पट्टा. मोटारीची घरघर पट्ट्यातच मरते."

"नको रे," धाकटे म्हणाले. "खाडीच्या हवेत पट्टा सैल पडतो, गाणं रडायला लागतं. डायरेक्ट घे. तबकडी थेट मोटारीवर, बटण दाबलं की सुरू. हळदीत माझा पट्टा तुटला तर नवऱ्याची मावशी मला तोडंल."

"तू हळदीत वाजवतोस. ह्याला घरात बसून ऐकायचाय, गाढवा!" आणि पक्कड सुटली. धाकट्यांनी सवयीने मान खाली घातली. पक्कड भिंतीवर आपटली.

"दादा, परत पाठवू काय?" ती उचलत धाकट्यांनी विचारलं.

मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं, डायरेक्टचा वेग स्थिर राहतो. आठ दिवस मी तेच बोलत होतो. शेवटी काकांनी एका रविवारी दोन्ही मशीनं शेजारी मांडली. एकच रेकॉर्ड, आधी ह्याच्यावर, मग त्याच्यावर. "आता सांग, ग्रॅज्वेट."

गाणं संपून पुढचं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत डायरेक्टवर बारीक घरघर होती. मला ती स्वच्छ ऐकू आली. पण चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी बी.एस्सी. होतो.

"काय फरक नाय," मी म्हणालो. "डायरेक्टच बरं."

काकांचं तोंड लाल झालं. हात उठला. धाकटे नेमके सुई उचलायला वाकले, आणि तो हात त्यांच्या डाव्या कानावर बसला. ते खालीच बसले. बोटांच्या फटीतून रक्त आलं. काकांनी त्यांना लहान मुलासारखं उचललं आणि अनवाणी डॉक्टरकडे धावले. रेकॉर्ड फिरतच राहिली. बंद करायचं कुणाला सुचलं नाही, मलाही.

पडदा फाटला होता. तो कान पुन्हा सुधारला नाही.

त्यानंतर काका दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसायचे. लोक रेघांवर खुशाल अंगठे ठेवायचे, काका नुसते बघायचे. एकदा दुपारी मी गेलो, तर त्यांनी धाकट्यांच्या दातांत स्क्रूड्रायव्हरची मूठ दिली होती आणि टोक स्पीकरच्या खोक्याला लावलं होतं, आवाज हाडांतून आत पोचावा म्हणून. धाकट्यांनी चांगला कान बोटाने बंद केला होता.

"येतंय काय?"

मूठ तोंडातून काढून धाकटे म्हणाले, "येतंय रे दादा. डायरेक्टवर मोटार दातांना लागते. पट्ट्यावर नुसतं गाणं येतं."

काका उठून मागे तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

पुढच्या वर्षी काका गेले. तेरावं झाल्यावर मी दुकानात गेलो. काकांच्या स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं. धाकट्यांच्या उजव्या बाजूला जाऊन मी म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. मला घरघर ऐकू आली होती."

"दादाला कळलं व्हतं. तुझ्या तोंडावर दिसलं त्याला."

"मग तुम्हाला का मारलं?"

"मला कुठं?" ते हसले. "तुझ्यावर उचलला व्हता हात. मी मधी वाकलो." आणि मला बोलू न देता त्यांनी बेल्टवालं मशीन सुतळीने बांधायला घेतलं.

मशीन मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. पेण येईस्तोवर माझा डावा कान तापलेला होता.