गोदामातली माटवी

ती घटना आठवली की आजही कुठल्याही खोलीत शिरताना मी आधी वर बघतो. बायको चिडवते, "पाल शोधताय काय?" हसो बापडी. सवय लागली ती लागली.

साठच्या दशकात मी मालवण पोलीस ठाण्यात फौजदार होतो. बंदराजवळ काथ्याचं एक गोदाम होतं. मुंबईच्या मालकाने छतालगत पाण्याचे नळ घालून त्यांना तोट्या बसवल्या होत्या. आगीची धग लागली की तोटीतली चकती वितळायची आणि पाणी छत्रीसारखं पसरायचं. गावाला त्याचं भारी अप्रूप.

चतुर्थीनंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तिथेच आग लागली. माणसं वाचली. संध्याकाळी गोदामाचा मुकादम ठाण्यात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, राखणदाराला मालकाने परवाच झापलं होतं. त्यानेच नळाची चावी बंद करून काडी लावली. लोक धावले तेव्हा उघडली."

पंचनाम्यात कडेचे गठ्ठे भिजून चिंब, मधले मात्र जळून कोळसा. पाणी उशिरा आलं असावं, असंच वाटलं. म्हाताऱ्या राखणदाराला कोठडीत घातलं. गुन्हा शाबीत झाला असता तर उरलेलं आयुष्य त्याने तुरुंगात काढलं असतं. तरी काहीही विचारा, "माका ठावक नाय." असला संताप यायचा! पण खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा तर तोंडच उघडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदामात गेलो. कडेचे गठ्ठे उलटेपालटे करून पाहिले. एकालाही साधा चटका नाही. म्हणजे पाणी वेळेवर आलं होतं, मधोमध तेवढं पोचलं नव्हतं. मी वर बघितलं. मधल्या तोटीच्या आजूबाजूला छताला चार लोखंडी आकडे आणि त्यांना सुंभाची ताजी तुटकी टोकं.

अरेच्चा! मी घाटावरचा, पण माझ्या भाड्याच्या घरातही गणपतीच्या जागेवर असेच चार आकडे होते. तिथे माटवी टांगतात, फळं-पानं बांधायची लाकडी चौकट. विसर्जन झालं तरी चौकट वरच राहते.

कोठडीत जाऊन एवढंच विचारलं, "बाबा, माटवी कोणी काढली?"

म्हाताऱ्याने हात जोडले. "सायबानू, कामावरच्या बायांनी बांधलेली. मीच होय म्हटलंय. चतुर्थी झाल्यार तिच्यार रिकामी पोती रचून ठेवली. आग इझल्यार बाया घाबरल्यो, तेंनी ती काढून लपवल्यानी. देवाची माटवी आडवी इली, असा मी कसा सांगू? आणि बायांचा काम जायत. माका काय ता करा, पण तेंका नको."

मी तडक बायांकडे गेलो.

झावळ्यांखाली लपवलेली माटवी बायांनी स्वतःच आणून दिली. वरची पोती ओली, चौकट खालून काळी. पंचांसमोर ती पोत्यांसकट होती तशी टांगली आणि चावी उघडली. पाणी पोत्यांवर आपटून चारी बाजूंनी ओघळलं, मधली जमीन कोरडी ठाक. माटवी उतरवली, तर तीच जमीन क्षणात भिजली.

मुकादमाचा चेहरा पार पडला. बायांनी सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत मधल्या गठ्ठ्यावर पाय पसरून बिडी ओढायची सवय त्याचीच. त्या दिवशीही थोटूक तिथेच टाकलं होतं, हे त्याने जबाबात कबूल केलं. म्हाताऱ्याला सोडलं. मालकाला मी स्वतः भेटून समजावलं. मुंबईत असला तरी तोही मूळचा कोकणातलाच, एकाही बाईचं काम गेलं नाही.

त्यानंतर समोर गप्प बसलेला माणूस आला की मी आधी विचार करायचो, हा कुणासाठी गप्प आहे?

पुढच्या चतुर्थीला बायांनी मला आग्रहाने बोलावलं. माटवी या वेळी बाहेरच्या पडवीत होती, काकड्या, दोडकी, नारळांनी लगडलेली. मी सवयीने आढ्याकडे बघत उभा राहिलो. शेजारी राखणदार खुदकन हसला.

"सायबानू, हय नळ नाय. आता तरी देवाक बघा."