उचला नव्हे, दाबा

गोळीबार चौकाच्या मागल्या गल्लीत रामाजी निमज्यांच्या तोडीचं लुगडं विणणारा दुसरा नव्हता, आणि हे तोंडदेखलं बोलणं नव्हे. बाराव्या वर्षी बापानं त्यांना मागाच्या खड्ड्यात बसवलं, ते बेचाळिसाव्या वर्षापर्यंत बसून होते. कोष्ट्याचा माग म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा. काठावर बसायचं, पाय आत सोडायचे. खाली दोन पावड्या. डावी दाबली की उजवी वर येते, उजवी दाबली की डावी. तसा ताणा, म्हणजे उभे धागे, उघडतो आणि आडवा धागा घेऊन धोटा धावतो; एक धागा डाव्या पायाचा, एक उजव्याचा. तीस वर्षं हेच.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर सुताचं गठुडं उचलताना कमरेत कळ आली आणि रामाजी जमिनीवर बसले ते उठलेच नाहीत. मग गल्लीतला प्रत्येक जण वैद्य झाला. कुणी बिब्बा सांगितला, कुणी विटेचा शेक. एकानं तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली, बाई आणून कमरेत लाथ मारवली. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! महिन्यानं दोन्ही पाय बधिर झाले, तेव्हा कुठं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, पण पाय काही जागे होईनात.

दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या प्रेमिलाबाई होत्या. गोड बोलायच्या, पण कामात सूट नाही. रोज म्हणायच्या, रामाजी, उजवा पाय उचला. रामाजी दात खाऊन जोर लावत, कपाळाला घाम फुटे, पाय जागचा हलत नसे. डावा जेमतेम बोटभर. घरी सोडल्यावरही आठवड्यातून दोनदा रिक्षात घालून वच्छलाबाई, म्हणजे रामाजींची बायको, त्यांना तिथं नेत. उचला, उचला, उचला. दीड महिना हाच पाढा. रामाजींनी शेवटी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बोलणंच सोडलं.

धाकटा भाऊ चंद्रभान हिंगण्याच्या कारखान्यात लागला होता. मनानं वाईट नव्हता, पण घाई फार. त्यानं साहेबाला सांगून दादासाठी फाटकावरची स्टुलावर बसायची नोकरी ठरवून ठेवली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. दादाचे पाय आता पावडीचे राहिले नाहीत, तेव्हा माग काढावा, खड्डा बुजवावा आणि तिथं खाट टाकावी. वच्छलाबाईंनी थोडं थांबा म्हटलं. मागाशिवाय हा माणूस जगेल, पण रामाजी म्हणून जगेल का, हीच त्यांची काळजी होती.

एका दुपारी त्या खाटेच्या पायथ्याशी बसून नवऱ्याच्या तळव्यांना तेल चोळत होत्या. भिंतीपलीकडे शेजारच्या देवाजींचा माग चालू होता. खटक्-खट, खटक्-खट. चोळता चोळता त्यांचे हात थांबले. डाव्या तळव्यानं त्यांच्या हाताला रेटा दिला. मग उजव्यानं, मुंगी ढकलते तेवढा. पुन्हा डाव्यानं. भिंतीपलीकडच्या ठेक्यावर, न चुकता. रामाजी डोळे मिटून पडलेले, त्यांना स्वतःला पत्ता नाही! वच्छलाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रेमिलाबाईंसमोर कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"बाई, यायले उचला म्हनू नका. यायनं जन्मात पाय उचलला नाही. एक दाबला का दुसरा पावडीच वर आणते. दाबा म्हना."

दुसरी एखादी असती तर अडाणी म्हणून हसली असती. प्रेमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी रामाजींच्या तळव्याला तळहात लावला आणि म्हणाल्या, दाबा. उजव्या पायानं दाबलं. थोडंच, पण दाबलं.

घरी येऊन वच्छलाबाईंनी मागाच्या पावड्या सोडल्या आणि दोरीनं खाटेच्या पायथ्याशी बांधल्या, एक दाबली की दुसरी वर येईल अशा. नेमका त्याच रविवारी चंद्रभान मुरमाची गाडी घेऊन दारात हजर! पावड्यांविना माग पाहून त्याला वाटलं, वहिनीला अक्कल आली. फावडं घेऊन आत शिरतो तर काय, दादा खाटेवर पडल्या पडल्या पावड्या हलवतोय, आणि घामानं उशी भिजली आहे. चंद्रभाननं फावडं भिंतीला टेकवलं. मग त्यानं तो मुरूम गल्लीतल्या चिखलात पसरून टाकला.

त्यानंतरचे महिने काही गमतीचे नव्हते, सांगणारे काहीही सांगोत. रामाजी रोज सकाळ-दुपार शंभर-शंभर दाबत. पडत, चिडत, एकदा तर पावडी तोडून फेकली आणि संध्याकाळी स्वतःच दुरुस्त करून मागितली. भिंत धरून उभे राहायला उन्हाळा गेला, काठी टेकून अंगणापर्यंत यायला श्रावण. दसऱ्याला डॉक्टरांनी पाठीला पट्टा बांधून दिवसाला अर्धा तास मागावर बसायची मोकळीक दिली, फक्त दीड महिना. मग तपासून ठरवू म्हणाले, माग ठेवायचा की सोडायचा.

तो दिवस आला. दवाखान्यात प्रेमिलाबाई, वच्छलाबाई आणि चंद्रभान यांच्यासमोर डॉक्टरांनी रामाजींना खोलीभर चालवलं. उजवा पाय अजून जमीन घासत होता. डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, चाल यापेक्षा फार सुधारणार नाही, बसून करायचं दुसरं काम पाहिलेलं बरं. चंद्रभाननं मान खाली घातली.

रामाजींनी या दीड महिन्यात मागावर विणलेला पंचा पिशवीतून काढून टेबलावर पसरला.

"चाल पाहून काय कराल, डॉक्टरसाहेब? मी पायानं चालतो थोडाच? माहे पाय इथं पाहा."

आणि बोट ठेवून ते वाचू लागले. ही सुरुवात, इथं उजवा पाय झोपलेला, ताणा पुरता उघडला नाही, म्हणून हे धागे वर सुटले. हा दुसरा आठवडा, इथं एकेकच सुटला. दिवाळीच्या दिवशी इथं पुन्हा बिघडलं, पाठ दुखून राहिली होती. डॉक्टर खुर्ची सरकवून पुढं वाकले. रामाजींचं बोट पंचाच्या शेवटच्या वीतभर कापडाशी थांबलं.

"आता सांगा बाई, याच्यात उजव्या पायाचा धागा कोनता अन् डाव्याचा कोनता?"

प्रेमिलाबाईंनी कापड उजेडाकडे धरलं. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, काम सुरू करावं. रामाजींनी पंचाची घडी घातली, काठी घेतली आणि दाराशी जाऊन वळून पाहिलं.

"चाल वं," ते बायकोला म्हणाले, "माग रिकामा पडून राहिला."