आईला ऐकू आलेला आवाज

हर्सूलच्या त्या मेस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना मामू म्हणतात. गाडीतला आवाज शोधताना ते लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा दूर गेल्यासारखे वाटतात.

त्या दिवशी मी आईला घेऊन फुलंब्रीहून पाचोडला निघालो होतो. मागच्या सीटवर बसलेली आई सारखी म्हणत होती, "गाडी लंगडतीय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या समाधानासाठी वाटेत मामूंच्या गॅरेजला थांबलो.

"तिला काय कळतंय, मामू," मी हसत म्हणालो. "जन्म शेळ्यांमागं गेला तिचा."

मामू हसले नाहीत. आईशेजारी जाऊन बसले. "गाडी चलाव," मला म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. आईनंही मिटले. आरशात दोघं झोपल्यासारखी दिसत होती.

"मागचा डावा पाय," आई पुटपुटली.

"हौ अम्मा. बराबर."

चाक खोललं तर आतलं बेअरिंग पार गेलेलं. "हायवे पे चाक जाम होता, तो गाडी पलटती थी," मामू शांतपणे म्हणाले. घरातला पहिला पदवीधर मी. मान खाली घालून उभा राहिलो.

नवं बेअरिंग बसल्यावर त्यांनी आईला जवळ बोलावलं, जॅकवरचं चाक हातानं फिरवलं, पेचकसाचं टोक त्याच्या आसाला टेकवलं आणि मूठ आईच्या कानाला लावली. "सुनो अम्मा. आता?"

तिनं बराच वेळ ऐकलं. "आता नीट चालतीय."

मगच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.